अपुऱ्या दिवसांच्या बाळाला सरफॅक्टंट : आईच्या कार्डापासून नवजात कक्षापर्यंत

अपुऱ्या दिवसांच्या बाळाची फुफ्फुसे उघडी ठेवणारे सरफॅक्टंट हे औषध घरी, उपकेंद्रात किंवा लहान दवाखान्यात देता येत नाही. ते देण्यासाठी नवजात बाळाच्या श्वासनलिकेत नळी घालण्याचा सराव असलेला डॉक्टर, नाकातून हवेचा सतत दाब देणारे सीपॅपचे यंत्र, सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातील ऑक्सिजनचे प्रमाण, सतत दाखवणारा मॉनिटर आणि पुढचे तीन-चार दिवस डोळ्यांत तेल घालून बसणाऱ्या सिस्टर लागतात. मराठवाड्यात अशी सोय मुख्यतः शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत, जिल्हा किंवा स्त्री रुग्णालयांच्या काही नवजात कक्षांत आणि मोठ्या शहरांतल्या खासगी एनआयसीयूमध्ये, म्हणजे नवजात अतिदक्षता विभागांत, आहे. असे असले तरी या औषधाचा बाळाला किती उपयोग होईल, हे बरेचसे आधीच्या काही दिवसांत आणि काही तासांत ठरलेले असते, आणि तो काळ गावात, तालुक्याच्या रुग्णालयात व गाडीत गेलेला असतो. म्हणून हे मार्गदर्शन कुटुंबासाठी, आशाताई व एएनएम सिस्टरांसाठी आणि तालुक्याच्या ठिकाणी बाळंतपणे करणाऱ्या डॉक्टरांसाठी एकत्रच लिहिले आहे. प्रत्यक्ष औषध देण्याचा भाग वाचून कोणी ते काम शिकणार नाही. ते प्रशिक्षणातच शिकावे लागते. मात्र आत काय चालले आहे हे बाहेर बसलेल्यांना समजावे, आणि तयारीत कुठे कमी पडू नये, एवढ्यासाठी तोही सविस्तर दिला आहे.

फुफ्फुसात हवेचे लाखो सूक्ष्म कोष असतात आणि त्यांच्या आतल्या बाजूला ओलावा असतो. ओल्या प्लॅस्टिकच्या पिशवीच्या दोन्ही बाजू जशा एकमेकींना चिकटून बसतात, तसे हे कोष प्रत्येक उच्छ्वासाच्या शेवटी मिटून चिकटू पाहतात. त्यांना उघडे ठेवणारा, मुख्यतः स्निग्ध पदार्थांचा आणि थोड्या प्रथिनांचा बनलेला थर म्हणजे सरफॅक्टंट. गर्भाच्या फुफ्फुसातल्या विशिष्ट पेशी तो साधारण २४ व्या आठवड्यापासून बनवू लागतात, पण पुरेसा साठा ३४-३५ आठवड्यांच्या सुमारास होतो. त्याआधी जन्मलेल्या बाळाला प्रत्येक श्वास जणू पहिलाच श्वास असल्यासारखा जोर लावून घ्यावा लागतो. काही तासांत ते थकते, ऑक्सिजन कमी पडतो आणि रक्तातील आम्ल वाढते, त्यामुळे होते तेवढे सरफॅक्टंटही निकामी होऊ लागते. हाच अपुऱ्या दिवसांच्या बाळाचा श्वासाचा आजार. सातव्या महिन्यातले बाळ जगते आणि आठव्यातले जगत नाही, असा एक समज आपल्याकडे अजून ऐकू येतो. तो चुकीचा आहे आणि घातकही आहे. पोटात काढलेला प्रत्येक जादा आठवडा बाळाच्या फुफ्फुसाला बळ देतो. आठव्या महिन्यातले बाळ सातव्या महिन्यातल्या बाळापेक्षा नेहमीच अधिक तयार असते. त्या समजापोटी आठव्या महिन्यातल्या बाळाला मोठ्या रुग्णालयात हलवायला घरचे कचरत असतील, तर आशाताईंनी आणि डॉक्टरांनी तिथेच थांबून त्यांची समजूत काढली पाहिजे.

या आजाराचे हे कारण वैद्यकशास्त्राला उशिरा समजले. १९५९ साली अमेरिकेत मेरी एलन एव्हरी आणि जेरे मीड यांनी या आजाराने दगावलेल्या बाळांच्या फुफ्फुसांत सरफॅक्टंटची उणीव असल्याचे दाखवले. ऑगस्ट १९६३ मध्ये राष्ट्राध्यक्ष केनेडी यांचा मुलगा पॅट्रिक सुमारे साडेचौतीस आठवड्यांचा जन्मला. त्याचे वजन दोन किलोंहून अधिक होते आणि तेव्हाचे उत्तमोत्तम उपचार हाताशी होते, तरीही तो याच आजाराने दोन दिवसांत गेला. १९८० साली जपानमध्ये फुजिवारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गाईच्या फुफ्फुसापासून तयार केलेले सरफॅक्टंट दहा बाळांच्या श्वासनलिकेत देऊन त्याचा गुण दाखवला. आज हे औषध जागतिक आरोग्य संघटनेच्या आवश्यक औषधांच्या यादीत आहे. तेव्हा राष्ट्राध्यक्षाच्या मुलाला जे मिळू शकले नाही, ते आज ऊसतोड कामगाराच्या बाळाला मिळू शकते. अट एवढीच की बाळ वेळेत पोचले पाहिजे.

बाळंतपणाच्या आधी

पहिले काम म्हणजे दिवस अचूक माहीत असणे. शेवटच्या पाळीची तारीख माता व बाल संरक्षण कार्डावर पहिल्याच नोंदणीला लिहून घ्यावी आणि पहिल्या तीन महिन्यांत एक सोनोग्राफी करून ती पडताळून पाहावी. उशिराच्या सोनोग्राफीत दिवसांचा अंदाज दोन-तीन आठवड्यांनी चुकू शकतो, आणि या आजारात तीस आठवडे आणि तेहतीस आठवडे यांत फार मोठा फरक आहे. केवळ वजनावरून दिवस ठरवू नयेत. दीड किलोचे बाळ तीस आठवड्यांचे असू शकते किंवा दिवस भरूनही खुरटलेले असू शकते, आणि दोघांचे उपचार वेगळे असतात. दिवाळीच्या आसपास कारखान्यांवर जाणाऱ्या कुटुंबांनी हे कार्ड सामानात खाली न टाकता कागदपत्रांच्या पिशवीत वर ठेवावे. गरोदर बाई बीड किंवा जालन्याची असते, कळा मात्र पश्चिम महाराष्ट्रातल्या किंवा कर्नाटकातल्या कोपीवर सुरू होतात, आणि तिथल्या डॉक्टरपुढे त्या कार्डाशिवाय दुसरी कोणतीच माहिती नसते.

ज्यांचे बाळंतपण आधी होण्याची शक्यता जास्त असते, त्यांच्याकडे पाचव्या-सहाव्या महिन्यापासूनच लक्ष ठेवावे लागते. कमी वयात लग्न होऊन लगेच दिवस गेलेल्या मुली, जुळी असणाऱ्या, रक्तदाब वाढलेल्या, लघवीत किंवा योनिमार्गात जंतुसंसर्ग असलेल्या, रक्त खूप कमी असलेल्या आणि आधीचे बाळंतपण लवकर झालेल्या स्त्रिया यांत येतात. आईला मधुमेह असेल तर दिवस जवळजवळ भरलेल्या बाळातही सरफॅक्टंट उशिरा तयार होऊ शकते. थांबून थांबून पोट कडक होणे, कमरेत भरून येणे, ओटीपोटात दाब जाणवणे, पाणी किंवा रक्त जाणे यांपैकी काहीही सदतीस आठवड्यांच्या आधी झाले, तर सकाळपर्यंत वाट पाहू नये. गरोदर बाईचे ओझे, ऊन आणि उभ्याचे काम कमी करणे ही कुटुंबाची जबाबदारी आहे; ती तिच्या एकटीच्या काळजी घेण्यावर सोडून चालत नाही.

आता या सगळ्यातली सर्वांत स्वस्त आणि सर्वांत जास्त दुर्लक्षिली जाणारी गोष्ट. आईला वेळेत स्टिरॉइडची इंजेक्शने मिळाली, तर बाळाची फुफ्फुसे जन्माआधीच वेगाने तयार होतात. न्यूझीलंडचे लिगिन्स आणि हॉवी यांनी हे १९७२ साली सिद्ध केले, आणि पुढच्या अनेक अभ्यासांत या इंजेक्शनांमुळे श्वासाचा हा आजार सुमारे तीस टक्क्यांनी कमी होतो असे दिसले. २४ ते ३४ आठवड्यांच्या दरम्यान बाळंतपण होण्याची चिन्हे असतील, तर डेक्सामेथासोन ६ मिलिग्रॅम दर बारा तासांनी असे चार वेळा, किंवा बीटामेथासोन १२ मिलिग्रॅम चोवीस तासांच्या अंतराने दोन वेळा, स्नायूत दिले जाते. भारत सरकारने २०१४ साली काढलेल्या सूचनांनुसार एएनएम सिस्टर डेक्सामेथासोनचा पहिला डोस देऊन आईला पुढे पाठवू शकतात. पूर्ण परिणाम यायला चोवीस तास लागतात, तरी 'आता दोन तासांत होणारच आहे' म्हणून पहिला डोस टाळू नये, कारण कळा थांबतात, गाडीला वेळ लागतो, आणि कित्येकदा ते दोन तास बारा होतात. आईला ताप किंवा गर्भाशयात संसर्गाची शंका असेल, तर निर्णय डॉक्टरांनी घ्यावा. मधुमेह असलेल्या आईची साखर या इंजेक्शनानंतर काही दिवस वाढते, म्हणून ती वरचेवर तपासावी. प्रत्येक डोसची तारीख आणि वेळ चिठ्ठीवर ठळक लिहावी; 'स्टिरॉइड दिले' एवढ्याने पुढच्या डॉक्टरला काहीच कळत नाही.

दुसरी गोष्ट, बाळाला हलवण्यासाठी आईच्या पोटाइतकी सुरक्षित जागा नाही. बाळंतपण लगेच होणार नसेल, तर बाळ जन्मल्यावर धावपळ करण्यापेक्षा आईलाच नवजात कक्ष असलेल्या रुग्णालयात आधी न्यावे. कुठे न्यायचे हे सातव्या महिन्यातच ठरलेले असावे, आणि ते जिल्ह्याची सीमा पाहून ठरवू नये. आष्टीच्या लोकांना बीडपेक्षा अहिल्यानगर जवळ पडते, परांड्याहून बार्शी-सोलापूरचा रस्ता सोयीचा असतो, तर किनवट-माहूरकडून नांदेड गाठायला काही तास सहज जातात. अंबाजोगाई, केज, धारूर या पट्ट्याला मात्र अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय हाताशी आहे. आशाताईंनी निघण्यापूर्वी तिथे फोन करून सीपॅप रिकामे आहे का आणि सरफॅक्टंट उपलब्ध आहे का, हे दोनच प्रश्न विचारले तरी एका रुग्णालयातून दुसऱ्या रुग्णालयात फिरण्याचा वेळ वाचतो. आणि एक स्पष्टपणे सांगावेसे वाटते : वैद्यकीय कारण नसताना केवळ मुहूर्त साधण्यासाठी एकोणचाळीस आठवड्यांच्या आत सिझेरियन करून घेऊ नये. दिवस भरत आलेली, दिसायला गुटगुटीत बाळेही त्यामुळे श्वासासाठी झगडताना आम्ही पाहतो, आणि ते पूर्णपणे टाळता येण्याजोगे असते.

जन्मल्यावरचा पहिला तास

बाळ जन्मल्याबरोबर ते गार पडू न देणे हे श्वासाइतकेच महत्त्वाचे आहे, कारण गार पडलेल्या बाळाला ऑक्सिजन जास्त लागतो आणि सरफॅक्टंट कमी काम करते. खोलीतला पंखा व कूलर बंद करावा. मे महिन्यातल्या परभणीतही ओले बाळ पंख्याखाली गार पडते, आणि डिसेंबरच्या रात्री तर विचारायलाच नको. बाळ श्वास घेत असेल तर नाळ किमान एक मिनिट थांबून कापावी. बत्तीस आठवड्यांपेक्षा लहान बाळाला न पुसता मानेपर्यंत स्वच्छ पारदर्शक प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून वॉर्मरखाली ठेवतात आणि डोक्याला टोपी घालतात. शरीराचे तापमान ३६.५ ते ३७.५ अंश सेल्सिअस राहिले पाहिजे. आंघोळ घालू नये.

त्यानंतर बाळाची छाती उघडी करून पूर्ण एक मिनिट श्वास मोजावेत. मिनिटाला साठपेक्षा जास्त श्वास, श्वास घेताना बरगड्यांमध्ये आणि छातीच्या खाली खळगा पडणे, नाकपुड्या फुलणे आणि श्वास सोडताना कण्हल्यासारखा बारीक आवाज येणे ही चिन्हे आहेत. त्यातला कण्हण्याचा आवाज नीट ऐकावा. मिटू पाहणारे कोष उघडे ठेवण्यासाठी बाळ स्वतःच घसा अर्धवट बंद करून हवा अडवत असते, म्हणून तो आवाज येतो; नातेवाईक मात्र तो ऐकून 'बाळ बोलतंय' असे समजतात. आवाज हळूहळू बंद पडला आणि बाळ शांत झाले, तर ते बरे होत आहे असे समजू नये, ते थकलेले असू शकते. अशा बाळाच्या पोटाला बिब्बा लावणे, चटका देणे, घुटी किंवा मध चाटवणे यांनी श्वास सुधारत नाही. जखम होते, जंतुसंसर्ग होतो आणि मुख्य म्हणजे वेळ जातो.

जिथे सोय आहे तिथे पहिल्या काही मिनिटांतच सीपॅप सुरू करावे. नाकात बसणाऱ्या लहान नळ्यांतून हवेचा मंद दाब सतत देऊन हे यंत्र तेच काम करते जे बाळ कण्हून करू पाहत असते. साधारण ५ ते ६ सेंटिमीटर पाण्याच्या दाबाने सुरुवात करतात आणि गरजेप्रमाणे ८ पर्यंत नेतात. सुरुवातीचा ऑक्सिजन थोडाच, म्हणजे तीस टक्क्यांच्या आसपास ठेवून, उजव्या हाताला लावलेल्या सॅच्युरेशनच्या आकड्याप्रमाणे तो बदलतात. काही मिनिटांनंतर तो आकडा ९० ते ९५ दरम्यान राहावा. मास्कने भरमसाट शंभर टक्के ऑक्सिजन देत राहणे हा उपचार नाही, कारण त्याने डोळ्यांचा पडदा आणि फुफ्फुसे दोन्ही बिघडतात. सीपॅप लवकर लागले तर कित्येक बाळांना सरफॅक्टंटची गरजच पडत नाही, म्हणून तालुका पातळीवर एखादे महागडे उपकरण घ्यायचे झाल्यास माझे मत आधी ब्लेंडरसह (हवा आणि ऑक्सिजन हव्या त्या प्रमाणात मिसळणारे उपकरण) साध्या बबल सीपॅपला आहे.

बाळाला हलवावेच लागले तर १०८ किंवा १०२ ची गाडी बोलवावी आणि बाळासोबत आईला किंवा ती उठण्याच्या स्थितीत नसेल तर घरच्या दुसऱ्या व्यक्तीला पाठवावे. फिरते इन्क्युबेटर नसेल, तर टोपी, मोजे आणि लंगोट एवढेच घातलेले बाळ कोणाच्या तरी उघड्या छातीवर उभे बांधून वरून गोधडी घ्यावी. तीन-चार दुपट्यांत गुंडाळून मांडीवर आणलेल्या बाळाचे दुपटे उलगडले की तळपाय बर्फासारखे लागतात, हे नवजात कक्षातली प्रत्येक सिस्टर सांगेल : स्वतः ऊब तयार न करू शकणाऱ्या बाळाला कापड ऊब देऊ शकत नाही, अंग देते. निघण्यापूर्वी साखर तपासावी, मान सरळ राहील असे पाहावे, आणि चिठ्ठीत जन्माची वेळ, वजन, आठवडे, स्टिरॉइडचे डोस, बाळ लगेच रडले की नाही, दिलेली औषधे आणि पाणी किती तास आधी गेले होते हे लिहावे.

सरफॅक्टंट देताना

निर्णय साधा वाटतो, पण त्यात अनुभव लागतो. बाळ अपुऱ्या दिवसांचे आहे, छाती ओढते आहे, आणि सीपॅपचा दाब ६ किंवा त्याहून जास्त असूनही सॅच्युरेशन टिकवण्यासाठी तीस टक्क्यांपेक्षा जास्त ऑक्सिजन लागतो आहे, अशा वेळी सरफॅक्टंट द्यावे, आणि शक्यतो जन्मानंतरच्या पहिल्या दोन तासांत द्यावे, असे आजचे मत आहे. काही केंद्रे ही मर्यादा चाळीस टक्क्यांपर्यंत धरतात. जन्मतःच नळी घालावी लागलेल्या अगदी लहान बाळाला ते तेव्हाच देतात. उशिरा पोचलेल्या बाळालाही ते उपयोगी पडते, पण तोवर फुफ्फुसाला इजा झालेली असल्याने गुण कमी येतो. एक्स-रेमध्ये फुफ्फुस धुरकट पांढरे आणि त्यात हवेच्या नळ्या काळ्या रेघांसारख्या दिसतात. मात्र बाळाची स्थिती स्पष्ट असेल तर एक्स-रेसाठी औषध थांबवू नये. न्यूमोनिया, फुफ्फुसात राहिलेले पाणी, फुफ्फुसाबाहेर छातीत साठलेली हवा किंवा जन्मजात हृदयदोष यांचाही विचार याच वेळी करावा लागतो. न्यूमोनिया आणि हा आजार पहिल्या दिवशी वेगळे ओळखणे कठीण असल्याने रक्ताचे कल्चर (जंतू शोधण्याची तपासणी) घेऊन अँटिबायोटिकही अनेकदा सुरू करतात.

आपल्याकडे वापरली जाणारी सरफॅक्टंट प्राण्यांच्या फुफ्फुसांपासून तयार केलेली आहेत आणि त्यांचे डोस एकसारखे नाहीत. इथे गफलत होऊ देऊ नये. पोरॅक्टंट, म्हणजे बाजारातले क्युरोसर्फ, प्रतिमिलिलिटर ८० मिलिग्रॅम असते आणि पहिला डोस किलोला २०० मिलिग्रॅम, म्हणजे अडीच मिलिलिटर. बेरॅक्टंट, म्हणजे सर्व्हांटा, प्रतिमिलिलिटर २५ मिलिग्रॅम असते आणि डोस किलोला १०० मिलिग्रॅम, म्हणजे चार मिलिलिटर. बाराशे ग्रॅमच्या बाळाचा हिशोब करून पाहिला, तर पोरॅक्टंट ३ मिलिलिटर लागेल आणि बेरॅक्टंट ४.८ मिलिलिटर. कुपीवरचे नाव आणि बाळाचे वजन दोघांनी मोठ्याने वाचून मगच सिरिंज भरावी.

कुपी २ ते ८ अंश तापमानात फ्रिजमध्ये ठेवायची असते, ती गोठू द्यायची नसते. उन्हाळ्यातल्या भारनियमनात फ्रिज बंद पडला तर लसींप्रमाणेच तिचीही सोय आधी लावून ठेवावी, आणि नातेवाइकांना मेडिकलमधून औषध आणायला पाठवायचे झाल्यास सोबत बर्फाचा डबा द्यावा. पण कुपी बर्फाला थेट टेकू देऊ नये. देण्यापूर्वी ती खोलीच्या तापमानाला यावी लागते. त्यासाठी ती वीस मिनिटे टेबलावर ठेवतात, किंवा सिस्टर ती मुठीत आठ-दहा मिनिटे धरून बसतात. त्या वेळात कुपी अलगद उलटीपालटी करतात, तळाशी बसलेला दाट पांढरा थर हळूहळू वर चढून सगळे दुधासारखे एकजीव होते. ती जोराने हलवू नये, फेस होतो. गरम पाण्यात बुडवू नये. न उघडलेली कुपी खोलीच्या तापमानाला आणून वापरली गेली नाही, तर चोवीस तासांच्या आत एकदाच परत फ्रिजमध्ये ठेवता येते. उघडलेल्या कुपीतले उरलेले औषध, ते कितीही महाग असले तरी, दुसऱ्या बाळासाठी ठेवायचे नसते.

देण्याच्या पद्धती प्रामुख्याने दोन. पहिल्या पद्धतीत बाळाच्या श्वासनलिकेत नळी घालतात, तिच्यातून औषध देतात, थोडा वेळ दाबाने श्वास देऊन नळी काढतात आणि बाळाला पुन्हा सीपॅपवर ठेवतात. नळी ओठाशी किती सेंटिमीटरवर बांधायची यासाठी 'वजन किलोत अधिक सहा' हा ठोकताळा वापरतात. बाराशे ग्रॅमच्या बाळात तो साधारण सात येतो. नळी खोल गेली तर उजव्याच फुफ्फुसात जाते आणि सगळे औषध एकाच बाजूला उतरते, म्हणून औषध देण्यापूर्वी दोन्ही बाजूंना स्टेथोस्कोप लावून हवा सारखी जाते आहे ना, हे ऐकलेच पाहिजे. दुसऱ्या पद्धतीत बाळ सीपॅपवर स्वतः श्वास घेत असतानाच लॅरिंगोस्कोपने (घशात पाहण्याच्या उपकरणाने) स्वरतंतू पाहून अगदी बारीक नळी त्यांच्या पलीकडे एक-दोन सेंटिमीटर सरकवतात आणि एक ते तीन मिनिटांत औषध सोडतात. यात व्हेंटिलेटरचा दाब टळतो, आणि जिथे हात बसलेला आहे तिथे आज हीच पद्धत पसंत केली जाते. जिथे बसलेला नाही तिथे पहिलीच पद्धत नीट करावी. श्वास घेण्याची आठवण राहावी म्हणून अशा बाळाला कॅफिनही सुरू करतात. औषध जाताना हृदयाचे ठोके शंभरच्या खाली गेले किंवा सॅच्युरेशन घसरले, तर थांबून श्वास द्यावा, आकडे सावरले की उरलेले द्यावे. पांढरा द्रव नळीत वर आला तर घाबरून तो ओढून काढू नये. दोन-चार श्वासांत तो खाली जातो.

औषध आत गेल्यावर फुफ्फुस काही मिनिटांतच मऊ पडू लागते, आणि खरी सावधगिरी इथून पुढे लागते. साठ टक्के ऑक्सिजनवर असलेल्या बाळाचे सॅच्युरेशन पाहता पाहता ९९ वर जाते. त्या वेळी सगळ्यांना हायसे वाटते, पण तेव्हाच ऑक्सिजन पायरीपायरीने उतरवला नाही तर डोळ्यांना इजा होऊ शकते, आणि व्हेंटिलेटरवर असलेल्या बाळाचा दाब कमी केला नाही तर फुफ्फुस फाटून हवा बाहेर साठू शकते. म्हणून पहिला अर्धा-पाऊण तास कोणीतरी एकाने यंत्राजवळून हलू नये. नळी बंद झाल्याचे स्पष्ट दिसत नसेल तर पहिले काही तास सक्शन करत नाहीत, म्हणजे नळीतून काही ओढून काढत नाहीत. क्वचित फुफ्फुसात रक्तस्राव होतो, तोही लवकर ओळखावा लागतो. ऑक्सिजनची गरज पुन्हा वाढली तर दुसरा डोस देतात : बेरॅक्टंट किमान सहा तासांनी, पोरॅक्टंट साधारण बारा तासांनी आणि अर्ध्या मात्रेत. मुळीच गुण आला नाही, तर आणखी कुपी मागवण्याआधी नळीची जागा, छातीत साठलेली हवा, जंतुसंसर्ग आणि हृदय तपासावे.

बाहेर बसलेल्या नातेवाइकांसाठी

औषध देण्यापूर्वी डॉक्टर सहीसाठी कागद देतात. तेव्हा ते कशासाठी आहे, कोणते आहे, पुन्हा द्यावे लागेल का आणि खर्च किती, हे निःसंकोच विचारा. क्युरोसर्फ डुकराच्या, तर सर्व्हांटा गाईच्या फुफ्फुसापासून बनते. ही गोष्ट अनेक हिंदू, मुस्लिम आणि जैन कुटुंबांच्या श्रद्धेशी निगडित आहे, आणि ती त्यांच्यापासून दडवणे मला योग्य वाटत नाही. कुटुंबाला सांगितले, पर्याय असेल तर निवड दिली, तर लोक विचार करून निर्णय घेतात. जीव वाचवण्यासाठी दुसरा उपाय नसताना असे औषध चालते असे अनेक धर्मजाणकारही मानतात. फक्त हे बोलणे कुपी मुठीत धरलेली असताना होऊ नये, आईला दाखल करतानाच व्हावे.

कुपीची किंमत हजारांत जाते आणि काही बाळांना दोन लागतात. शासकीय रुग्णालयात आजारी नवजात बाळाचे उपचार, औषधे आणि वाहतूक जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात मोफत आहेत. हा कार्यक्रम २०११ साली सुरू झाला आणि पुढे तो एक वर्षापर्यंतच्या बालकांना लागू झाला. खासगी रुग्णालयात जाणार असाल, तर ते महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत आहे का हे आधी विचारा, आणि दाखल झाल्याबरोबर, पैसे भरण्याच्या आधी, तिथल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनीसाला, भेटा. आई-वडिलांचे रेशन कार्ड आणि आधार कार्ड सोबत ठेवा. मध्यरात्री शेत किंवा दागिने गहाण टाकून मोकळे झालेले वडील दुसऱ्या दिवशी योजनेची माहिती मिळून कपाळाला हात लावतात, हे वारंवार घडते.

बाळ काचेत आहे म्हणून आईने करण्यासारखे काही नाही, असे मात्र मुळीच नाही. पहिल्या काही तासांतच सिस्टरांच्या मदतीने चीक हाताने काढायला सुरुवात करावी आणि दर दोन-तीन तासांनी, रात्रीही, काढत राहावे. चार थेंब निघाले तरी ते बाळाच्या गालाच्या आत लावतात. हे दूध आतड्याचा गंभीर आजार आणि जंतुसंसर्ग टाळण्यास मदत करते. चीक वाईट म्हणून टाकून देणाऱ्या आजीला हे प्रेमाने समजवावे. बाळ स्वतः श्वास घेऊ लागले की, सीपॅप चालू असतानाही, आईच्या छातीवर उघड्या अंगाने ठेवता येते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली हा कांगारू स्पर्श शक्य तितक्या लवकर सुरू करण्याची शिफारस केली आहे, आणि आई आजारी असेल तर वडील, आजी, मावशी यांपैकी कोणीही तो देऊ शकते. बाळाला हात लावण्यापूर्वी कोपरापर्यंत साबणाने हात धुवावेत, अंगठी, बांगड्या आणि मनगटातले दोरे काढावेत.

घरी सोडताना कार्डावर तपासणीच्या तारखा लिहून घ्याव्यात. चौतीस आठवड्यांच्या आधी जन्मलेल्या किंवा दोन किलोंपेक्षा कमी वजनाच्या बाळाच्या डोळ्यांचा पडदा जन्मानंतर तीस दिवसांच्या आत तपासावाच लागतो. अठ्ठावीस आठवड्यांच्या आतल्या किंवा बाराशे ग्रॅमपेक्षा लहान बाळाचा दोन ते तीन आठवड्यांतच. बाळ दिसायला छान आहे, वाढते आहे, म्हणून ही तारीख चुकवू नये; पडद्याचा आजार बाहेरून दिसत नाही आणि वेळ गेल्यावर दृष्टी परत आणता येत नाही. याच काळात श्रवणाची तपासणीही करून घ्यावी, आणि चुलीच्या धुरापासून व विडी-सिगारेटपासून बाळाला पूर्ण दूर ठेवावे, कारण या बाळांची फुफ्फुसे पहिली एक-दोन वर्षे नाजूक असतात. घर नवजात कक्षापासून लांब असेल तर आशाताईंच्या घरभेटी ठरवून घ्याव्यात. बाळाची फाइल, ज्यात किती आठवड्यांना जन्म झाला, आईला स्टिरॉइड कधी मिळाले आणि सरफॅक्टंटचे किती डोस लागले हे लिहिलेले असते, ती जपून ठेवावी, आणि त्याच आईला पुन्हा दिवस गेले तर पहिल्याच तपासणीला ती डॉक्टरांच्या टेबलावर ठेवावी.